बातम्यांतला इराण आणि ताटातला इराण

या महिन्यात इराणविषयीची पत्रे इतकी आली की इतर विषय पुढच्या अंकासाठी राखून ठेवावे लागले. त्याला कारणही तसेच आहे. मोबाईलवर एका क्षणी केशरी भाताची चित्रफीत येते आणि दुसऱ्या क्षणी तेहरानवरचा धूर दिसतो, आणि या दोन्ही गोष्टी एकाच देशातल्या आहेत हे मनाला पटवून घेणे सोपे जात नाही. मी पन्नास वर्षांपूर्वी इथेच, बडोद्यात, फारसीचे धडे गिरवले आणि वसतिगृहात शेजारच्या खोलीत राहणाऱ्या एका इराणी मैत्रिणीच्या हातचे मनसोक्त खाल्ले, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. आलेल्या पत्रांतली चार येथे घेतली आहेत.

प्रश्न : ताई, हल्ली 'पर्शियन' पदार्थांच्या चित्रफिती फार पाहते. त्यात भाताचे पातेले ताटात उपडे करतात आणि वर सोनेरी, कुरकुरीत पापुद्रा दिसतो. मी दोनदा करून पाहिले. एकदा भात गिचका झाला आणि एकदा तळ करपला. कोणी त्याला इराणी म्हणतात, कोणी पर्शियन म्हणतात आणि कोणी तर त्यात गरम मसालाही घालतात. खरी रीत कोणती, आणि ती आपल्या गॅसवर जमेल का?
(दांडिया बाजारातील एक वाचक भगिनी)

उत्तर : जमेल, आणि आपल्या जाड बुडाच्या साध्या पातेल्यात चांगली जमेल. त्या पापुद्र्याला फारसीत 'तहदीग' म्हणतात. 'तह' म्हणजे तळ आणि 'दीग' म्हणजे पातेले, आपली देग. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, खरवड. आपल्याकडे खरवड लक्ष नसताना लागते आणि मुले ती भांडून खातात. इराणी घरात ती ठरवून लावतात आणि पाहुण्याच्या ताटात मानाने वाढतात.

भात गिचका झाला, कारण आपण तो बहुधा नेहमीप्रमाणे मोजून पाणी घालून शिजवला असावा. इराणी 'चेलो', म्हणजे हा मोकळा भात, दोन टप्प्यांत होतो. लांब दाण्याचा तांदूळ पाणी नितळ येईपर्यंत धुऊन, मीठ घातलेल्या पाण्यात दोन तास भिजत ठेवावा. मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्याला आधण आणून त्यात तो सोडावा, आणि सात-आठ मिनिटांनी दाणा बोटांत चेपून पाहावा. बाहेरून मऊ पण आत बारीक कणी लागली की लगेच भात वेळून चाळणीत निथळू द्यावा. येथे दोन मिनिटांचा उशीर झाला तर पुढे काहीही सुधारता येत नाही. त्याच पातेल्यात चार चमचे तेल किंवा तूप आणि दोन चमचे केशराचे पाणी घालून, त्यात थोडा भात कालवून तळाशी दाबून बसवावा. उरलेला भात त्यावर हलक्या हाताने डोंगरासारखा रचावा, पळीच्या दांड्याने तळापर्यंत चार-पाच भोके पाडावीत आणि झाकणाला सुती फडके गुंडाळून ते घट्ट बसवावे. हे फडके कोणीही वगळू नये, कारण झाकणाखाली जमणारी वाफ थेंब होऊन भातात न पडता त्या कापडात जिरते आणि म्हणूनच दाणा मोकळा राहतो. पहिली पाच मिनिटे मध्यम आच ठेवावी आणि पुढे पाऊण तास अगदी मंद. आपला तळ करपला तो आचेमुळे. लहान शेगडीची आचही जास्त वाटली तर पातेल्याखाली तवा ठेवावा. शेवटी पातेले मिनिटभर ओल्या फडक्यावर टेकवले की तळ सुटतो. केशर मात्र आपल्यासारखे दुधात भिजवत नाहीत. चिमूटभर साखरेबरोबर खलून ते गरम पाण्यात भिजवतात.

गरम मसाला घालणाऱ्यांनी तो आपल्या जिभेसाठी घातला आहे, त्यात गैर काही नाही, पण मग त्याला इराणी म्हणू नये. इराणी रस्स्याचा प्राण तिखटात नसून आंबटपणात असतो, आणि त्या आंबटपणाच्या परी किती तरी आहेत. डाळिंबाचा आटवलेला रस, कच्च्या द्राक्षांचा रस, झेरेश्क नावाची लहान लाल फळे आणि 'लीमू अमानी' म्हणजे वाळवलेली लिंबे. माझ्या मैत्रिणीला ही लिंबे बडोद्यात मिळेनात. तेव्हा तिने खंडेराव मार्केटमधून लहान लिंबे आणली, मिठाच्या पाण्यात उकळली आणि वसतिगृहाच्या गच्चीवर वैशाखाच्या उन्हात पसरली. ती वाळून अक्रोडासारखी टणक आणि काळपट झाली, हलवली की आत बिया खडखडायच्या. मग तिने मेथी, कोथिंबीर, पालक आणि कांद्याची पात इतकी बारीक चिरली की आमचे हात हिरवे झाले, आणि ती सगळी पाने तेलात मंद आचेवर इतका वेळ परतली की मला ती वाया गेली असे वाटू लागले. रंग जवळजवळ काळा झाल्यावर तिने त्यात मटण, राजमा आणि टोचे मारलेली ती लिंबे टाकली. हीच 'घोर्मे सब्जी'. आपल्याकडचा कुर्मा आणि हे घोर्मे यांचे मूळ एकच आहे, आणि सब्जी म्हणजे फारसीत हिरवा पाला. आपण मांसाहार करत नसाल तर नुसत्या राजम्यावरही ही सुरेख होते, मात्र पाला परतण्यात घाई करू नये.

आता नावाविषयी. तेथील लोक आपल्या देशाला शतकानुशतके इराणच म्हणत आले आहेत. 'पर्शिया' हे नाव ग्रीकांकडून युरोपात गेले. १९३५ साली रेझा शाहने परदेशी सरकारांना पत्रव्यवहारात इराण हेच नाव वापरावे असे कळवले. पुढे १९७९ च्या क्रांतीनंतर आणि अमेरिकी वकिलातीतील ओलिसांच्या प्रकरणानंतर अमेरिकेत राहणाऱ्या अनेक इराण्यांना आपली ओळख 'पर्शियन' अशी सांगणे अधिक सुरक्षित वाटू लागले, कारण त्या शब्दाने समोरच्याला गालिचे, मांजर आणि कविता आठवत. हॉटेलांच्या पाट्यांवर आणि पाककृतींच्या पुस्तकांवर तो शब्द तेव्हापासून अधिक रुजला. म्हणजे आपल्या मोबाईलवरच्या त्या एका विशेषणामागे परक्या गावात जपून राहण्याची पाळी आलेल्या माणसांची काळजी आहे. शिवाय इराणमध्ये केवळ फारसी बोलणारे लोक नाहीत. अझेरी, कुर्द, लूर, बलुच, अरब असे अनेक समाज तेथे आहेत आणि प्रत्येकाची चूल निराळी आहे. कॅस्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतात वांगे भाजून लसूण, टोमॅटो आणि अंडी घालून जे 'मिर्झा गासेमी' करतात ते पाहून खानदेशी माणूस त्याला भरीतच म्हणेल, आणि दक्षिणेला आखाताच्या किनाऱ्यावर चिंच, कोथिंबीर, मेथी आणि मिरची घालून शिजवलेले माशाचे कालवण रत्नागिरीच्या माणसाला परके वाटणार नाही.

प्रश्न : मुंबईत नोकरीला असताना इराण्याच्या हॉटेलातला चहा आणि ब्रून मस्का यांवर माझी पंचवीस वर्षे गेली. इराणमध्ये असाच चहा मिळतो का? आणि आपल्याकडच्या पारशी मंडळींचे जेवण तेच इराणी जेवण, असे समजावे का?
(सयाजीगंज येथील एक निवृत्त वाचक)

उत्तर : असा चहा इराणमध्ये मिळत नाही. तेथे चहा बिनदुधाचा, काचेच्या लहान पेल्यात, रंग पाहत पितात आणि साखरेचा खडा दातांत धरून त्यावरून तो घोट घेतात. दुधाचा, दाट, उकळलेला चहा ही यझ्द आणि केरमान या भागांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी आलेल्या इराणी हॉटेलवाल्यांनी मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाची आवड ओळखून केलेली सोय आहे. उलट इराणच्या चहाचा उगमच भारतात आहे. काशेफ अल्-सल्तने हे इराणचे राजनैतिक प्रतिनिधी (कॉन्सल) म्हणून येथे होते. त्यांनी १९०० च्या सुमारास चहाची रोपे लाहिजानला नेऊन लावली आणि त्या गावाभोवती आजही चहाचे मळे आहेत.

पारशी जेवणाचे उत्तर आपल्या बडोदेकरांना सोपे जावे, कारण नवसारी हा बडोदे संस्थानचाच प्रांत होता आणि तेथील पारशी घरे आपल्या वाडवडिलांच्या ओळखीची होती. पारशी समाज हजाराहून अधिक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर आला आणि त्याने येथील डाळ, नारळ, केळीची पाने, हिरवी चटणी सगळे आपलेसे केले. धानसाक तेहरानच्या माणसाला ओळखू येणार नाही. मटणात जर्दाळू घालण्याची, आंबटगोड चवीची आवड मात्र जुन्या घरची आठवण म्हणून टिकली आहे, आणि जर्दाळू हा शब्दही फारसीच आहे, झर्द म्हणजे पिवळा आणि आलू म्हणजे आलुबुखारासारखे फळ.

प्रश्न : मी पत्रकारितेचा विद्यार्थी असून 'माध्यमांतील इराण' या विषयावर मला निबंध लिहायचा आहे. बातम्यांत मला क्षेपणास्त्रे, तेलाचे भाव आणि घोषणा देणारे जमाव दिसतात. इराणी चित्रपटांत मात्र शांत गल्ल्या, लहान मुले आणि गाडीत बसून बोलणारी माणसे दिसतात. यांतला खरा इराण कोणता? दुसरे असे की, या चित्रपटांत बायका स्वतःच्या घरात स्वयंपाक करतानाही डोक्यावर रुमाल बांधून असतात, ते तसेच असते का?
(फतेगंज येथील एक विद्यार्थी)

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचे अर्धे उत्तर त्यातच आहे. घरात, आपल्या माणसांत, इराणी बायका रुमाल बांधून वावरतातच असे नाही. पडद्यावर मात्र क्रांतीनंतरच्या नियमांनुसार स्त्री-पात्राचे केस झाकलेलेच दाखवावे लागतात, कारण प्रसंग घरातला असला तरी पाहणारे प्रेक्षक परके आहेत, असा त्यामागचा युक्तिवाद. पुरुष आणि स्त्री पात्रांच्या परस्परस्पर्शावरही बंधने आहेत. याचा परिणाम असा झाला की कॅमेरा घरात शिरला की खोटे दाखवावे लागते. जे दिग्दर्शक खोटे दाखवायला तयार नव्हते ते गल्लीत आले, शाळेच्या वाटेवर आले, लहान मुलांकडे वळले, आणि पुष्कळदा गाडीत जाऊन बसले, कारण गाडी अर्धी घर असते आणि अर्धी रस्ता. अब्बास किआरोस्तमी आणि जाफर पनाही यांच्या चित्रपटांत गाडी वारंवार का येते, याचे एक कारण येथे सापडते. पनाही यांना २०१० साली शिक्षा होऊन वीस वर्षे चित्रपट काढण्यास बंदी झाली, आणि २०१५ साली त्यांनी स्वतः तेहरानमध्ये टॅक्सी चालवत, गाडीतच कॅमेरा लावून 'टॅक्सी' केला, त्याला बर्लिनमध्ये सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तेव्हा तुम्हाला दिसलेली शांत गल्ली खरी आहे, पण ती का निवडली गेली हेही निबंधात यायला हवे.

स्वयंपाकघर खरे दाखवायचे ठरवले तर काय होते, याचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. मरियम मोगद्दम आणि बेहताश सनाईहा या जोडीचा 'माझा आवडता केक' २०२४ च्या बर्लिन महोत्सवात दाखवला गेला. त्यात तेहरानमध्ये एकटी राहणारी सत्तर वर्षांची विधवा एका संध्याकाळी आपल्याच वयाच्या टॅक्सीचालकाला घरी बोलावते, दोघे जेवतात, गप्पा मारतात, नाचतात, आणि घरातल्या बाईच्या डोक्यावर, घरात असतो तसाच, रुमाल नसतो. दिग्दर्शकांचे पासपोर्ट आधीच काढून घेतले होते, त्यामुळे त्यांना स्वतःच्या चित्रपटाला उपस्थित राहता आले नाही. एका म्हातारीने केक करून कोणाला तरी वाढावा, एवढीच गोष्ट सांगण्याची ही किंमत आहे.

याच्या वीस वर्षे आधी, २००४ साली, दारियुश मेहरजुई यांनी 'मेहमाने मामान', म्हणजे 'आईचे पाहुणे', हा चित्रपट केला होता. नवविवाहित भाचा बायकोला घेऊन अचानक येतो, घरात शिजवायला पुरेसे काही नाही, आणि एकाच चौकाभोवती राहणारी, तितकीच गरीब बिऱ्हाडे आपापल्या घरातले काही ना काही आणून रात्रीचे जेवण उभे करतात. वाड्यात किंवा बडोद्याच्या पोळीत, म्हणजे जुन्या बंदिस्त गल्लीत, वाढलेल्या आपल्या पिढीला हे समजावून सांगावे लागत नाही. इराणी माणसाला लाज कशाची वाटते, आनंद कशाचा होतो, हे मला या एका जेवणातून जितके कळले तितके शंभर बातम्यांतून कळले नाही.

आता बातम्यांकडे वळू. त्या खोट्या असतात असे मी म्हणणार नाही. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधील अमेरिकी वकिलात ताब्यात घेतली गेली आणि बावन्न माणसे ४४४ दिवस ओलीस राहिली. त्या काळात अमेरिकी दूरचित्रवाणीवर रोज रात्री मुठी आवळलेला जमाव दिसत असे, आणि इराणी माणसाचे जगाच्या मनातले चित्र बहुतांशी तेव्हा ठरले. आपल्याकडेही परदेशी वृत्तसंस्थांची तीच छायाचित्रे छापली गेली. त्याच हिवाळ्यात, डिसेंबर १९७९ मध्ये, माझ्या मैत्रिणीचे पत्र आले. ती शिक्षण अर्धे टाकून परत गेली होती. पत्रात राजकारणाचा एक शब्द नव्हता. वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, 'यल्दा'ला, सगळे घर आजीकडे जमले होते, तिने डाळिंबे सोलून दाण्यांवर गोलपार नावाच्या मसाल्याची पूड भुरभुरवली होती, आजीने हाफिजच्या कवितांचे पुस्तक डोळे मिटून उघडले होते आणि निघालेल्या ओळींवरून प्रत्येकाचे भविष्य सांगितले होते. शेवटी तिने लिहिले होते, "जात खाली", म्हणजे तुझी जागा रिकामी होती. माझ्या टेबलावर एका बाजूला ते पत्र होते आणि दुसऱ्या बाजूला जमावाचे छायाचित्र असलेले वर्तमानपत्र. दोन्ही खरी होती. फक्त छायाचित्र लाखो लोकांनी पाहिले आणि पत्र मी एकटीने वाचले. १९८० च्या सप्टेंबरात इराकशी युद्ध सुरू झाले, ते आठ वर्षे चालले, आणि त्यानंतर तिचे पत्र आले नाही.

म्हणून खरा इराण कोणता, असे न विचारता कोणत्या चित्रात कोण गाळले गेले आहे, असे विचारून पाहा. जून २०२५ मधल्या इस्रायलबरोबरच्या बारा दिवसांच्या युद्धात आपल्या वाहिन्यांनी तेहरानचा नकाशा दाखवला, त्यावर लाल ठिपके दाखवले, पण त्या ठिपक्यांखाली नव्वद लाखांच्या शहरात संध्याकाळी पाव कोठे मिळत होता, रांगा किती होत्या, म्हाताऱ्या माणसांनी काय केले, हे फारच थोड्यांनी सांगितले. गरम खड्यांवर भाजलेला 'संगक' ताजाच खायचा असतो आणि तो आणायला घरातले कोणी तरी रोज भट्टीवर जाते, युद्धातही जाते. अशी एक साधी गोष्ट बातमीत आली असती तर पाहणाऱ्याला ते शहर आपल्या शहरासारखे वाटले असते.

केशर, गुलाब आणि गालिचे यांच्या गोड चित्रणाविषयीही मला तितकीच तक्रार आहे. किलोभर केशरासाठी सुमारे दीड लाख फुले लागतात, आणि खोरासानच्या गावांत ती शरद ऋतूत, पहाटे ऊन चढण्यापूर्वी, हाताने खुडावी लागतात. प्रत्येक फुलातून तीन तंतू बोटांनी वेगळे करावे लागतात. चित्रफितीत सोनेरी पाणी दिसते, ती बोटे दिसत नाहीत. जी माध्यमे इराणला केवळ भयंकर दाखवतात आणि जी केवळ सुंदर दाखवतात, त्या दोघांनीही माणूस वगळलेला असतो.

भावना दाखवण्याच्या बाबतीतही हेच होते. इराणी माणूस माध्यमांत एक तर संतापलेला असतो किंवा शोक करत असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये महसा अमिनी या बावीस वर्षांच्या तरुणीचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला आणि देशभर लोक रस्त्यावर आले, तेव्हा शेरविन हाजीपूर या तरुण गायकाने लोकांनी समाजमाध्यमांवर लिहिलेली वाक्ये जोडून एक गाणे केले. त्याचे नाव 'बराये'. मराठीत सांगायचे तर नुसते 'साठी'. आपण कशासाठी रस्त्यावर आलो, हे एकेका ओळीत सांगणाऱ्या त्या गाण्यातल्या कितीतरी मागण्या अगदी रोजच्या जगण्यातल्या आहेत. त्याला अटक झाली आणि पुढच्या वर्षी गाण्याला ग्रॅमीचा विशेष पुरस्कार मिळाला. संताप त्यात आहेच, पण साध्या दिवसाची ओढ त्याहून मोठी आहे, आणि ती ओढ बातमीच्या मथळ्यात मावत नाही.

निबंधाला एक मराठी धागाही जोडता येईल. फारसी भाषेतला पहिला बोलपट १९३३ साली मुंबईत, अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीत तयार झाला. त्यांनीच दोन वर्षांपूर्वी 'आलम आरा' केला होता. आणि फारसी-मराठी कोश रचणारे माधव जूलियन यांचा जन्म १८९४ साली आपल्या बडोद्यातच झाला; त्यांचा १९२५ साली प्रसिद्ध झालेला तो कोश चाळला की रोजच्या मराठीत आपण किती इराण बोलतो ते दिसते. ज्यांनी ते शब्द इतक्या प्रेमाने गोळा केले त्यांनीच पुढे भाषाशुद्धीचा कैवार घेतला, हे मला अजूनही चुटपुट लावते.

प्रश्न : माझ्या मुलाबरोबर शिकणारा एक इराणी विद्यार्थी गुढीपाडव्याला आमच्याकडे जेवायला आला होता. मी श्रीखंड वाढायला गेले तर तो नको म्हणाला, पुन्हा विचारले तर पुन्हा नको म्हणाला. आवडले नसेल म्हणून मी आग्रह केला नाही. नंतर मुलाकडून कळले की त्याला ते फार आवडले होते. मला फार वाईट वाटले. माझे काय चुकले?
(मांजलपूर येथील एक वाचक भगिनी)

उत्तर : आपले काही चुकले नाही, आणि त्याचेही नाही. त्याच्याकडे या रीतीला 'तआरोफ' म्हणतात. मूळ अरबी शब्दाचा अर्थ एकमेकांची ओळख करून घेणे असा आहे. पाहुण्याने एकदा-दोनदा नको म्हणायचे, यजमानाने पुन्हा म्हणायचे, आणि या देवाणघेवाणीत दोघांनीही समोरच्याचा मान आपल्यापेक्षा वर ठेवायचा. दुकानदारसुद्धा पैसे पुढे केल्यावर "गाबेल नदारे", म्हणजे आपल्यापुढे या वस्तूची किंमत ती काय, असे म्हणतो आणि गिऱ्हाइकाने तरीही पैसे द्यायचे असतात. परदेशी मालिकांत हे पुष्कळदा हास्यास्पद किंवा खोटेपणाचे म्हणून दाखवतात, ते मला पटत नाही. आपल्या पंगतीत जिलबीचे ताट घेऊन येणारा यजमान आणि पानावर आडवा हात धरणारा पाहुणा हे दोघे खोटे बोलत नसतात, हे आपल्याला ठाऊक आहे. आग्रह हा शब्द ज्या घरात आहे त्या घराला तआरोफ शिकवावा लागत नाही. आपण फक्त तिसऱ्यांदा विचारायचे राहून गेलात.

त्याला पाडव्याला बोलावलेत हे फार चांगले केलेत, कारण त्याचे 'नौरोज' त्याच दिवसांत, २० किंवा २१ मार्चला, दिवस आणि रात्र समान होतात त्या नेमक्या क्षणी येते. घरी असता तर त्याने 'हफ्त सीन' मांडले असते. 'सीन' या अक्षराने सुरू होणारे सात जिन्नस, त्यांत लसूण, सफरचंद, व्हिनेगर आणि ताटलीत उगवलेले हिरवे गव्हांकुर. आपल्या चैत्रगौरीच्या आराशीपुढे त्याला उभे केलेत तर तो बराच वेळ तेथून हलणार नाही. तेराव्या दिवशी ते अंकुर वाहत्या पाण्यात सोडतात. घरापासून दूर असलेल्या मुलाला या पंधरवड्यात जे होते त्याला फारसीत "देलम तंग शोदे" म्हणतात, मन आक्रसले. मराठीत आपण आठवण येते म्हणतो. त्यांच्याकडे आठवणीने छातीतली जागाच कमी होते.

पुढच्या वेळी त्याला बोलवाल तेव्हा वरच्या उत्तरात सांगितला आहे तसा भात लावून पाहा. जेवायला बसताना आपण "सावकाश होऊ द्या" म्हणतो त्या ठिकाणी त्याच्याकडे "नूशे जान" म्हणतात, म्हणजे जिवाला लागो. जेवण झाल्यावर तो बहुधा "दस्तेत दर्द नकोने" म्हणेल, म्हणजे तुमचा हात न दुखो. त्यावर काय उत्तर द्यायचे ते मला माझ्या मैत्रिणीने शिकवले होते, "सरेत दर्द नकोने", तुझे डोके न दुखो. आणि पातेले उपडे केल्यावर खरवडीचा पहिला तुकडा त्याला वाढा. तो नको म्हणेल. तिसऱ्यांदा न विचारताच ताटात घाला.